चाचण्या हिरव्या, काटा बंद

प्रति,
आमच्या सर्व्हरवर स्वयंचलित चाचण्यांचे वेळापत्रक लावून गेलेले अभियंता महाशय,
पुणे (हल्लीचा मुक्काम अज्ञात)



आपले नाव पत्रात घालत नाही. एक तर आपण नोकरी बदलून पुढे गेलात, आणि आपल्यासारखे काम करणारे इतके आहेत की सगळे श्रेय आपल्या एकट्याच्या पदरात टाकणे बरे दिसणार नाही. पत्र खुले ठेवले ते त्यासाठीच. वाचताना ज्याचे कान गरम होतील त्याने ते आपल्यालाच आले असे समजावे.

प्रथम अभिनंदन. त्या सकाळी आपल्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या. नोंद मी नंतर उघडून पाहिली. ओळीने हिरव्या खुणा, लाल एकही नाही. सुरुवात सकाळी दहाला, शेवट अकरा वाजून गेल्यावर. तेवढ्या वेळात आमच्या खळ्यावर एकही हिशोबपट्टी छापून निघाली नाही. पण पट्टी निघते की नाही हे तपासणारी चाचणीसुद्धा उत्तीर्ण होती, तेव्हा निघाली असेच धरायला हवे.

आपण लासलगावला एकदाच आलात, तेही रविवारी. बाजार आवार मोकळे होते, आणि इथे गर्दी नेमकी कधी असते असे आपण विचारलेत. उत्तर नीट द्यायचे राहिले, ते आता देतो. इथली बाजार समिती १९४७ सालची. कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ अशी तिची ओळख सांगतात, आणि त्यावर शेजारच्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारातले लोक काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. हंगामात सकाळी ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पो ओळीने उभे राहतात. समितीचा माणूस आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी जातो, कांदा हातात घेऊन पाहतात, बोली लागते, क्विंटलचा भाव ठरतो आणि घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. भाव ठरलेली गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर येते. भुईकाट्यावर आधी भरल्या ट्रॉलीचे वजन, माल खाली झाला की रिकाम्या ट्रॉलीचे. दोन्हींतला फरक म्हणजे कांदा. त्याला भावाने गुणायचे, कपाती वजा करायच्या, पट्टी छापायची, पैसे द्यायचे. गाडी खळ्यात शिरल्यापासून पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडेपर्यंत सगळे काम आपल्या कंपनीचा प्रोग्रॅम करतो. निदान करायचा.

तो चालतो ते मशीन ऑफिसातल्या टेबलाखाली आहे. चार कोअर, आठ जीबी मेमरी आणि गरगर फिरणारी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. डेटाबेस त्याच्यावर, काट्याचे वाचन त्याच्यावर, छपाई त्याच्यावर. आपण त्यालाच चाचण्यांचा रनरही करून टाकलेत, कारण आपल्या मते ते रात्री रिकामेच पडलेले असते. ही काटकसर मला मान्य आहे. लासलगावात रिकामी जागा कोणी ठेवत नाही.

आता त्या सकाळचे सांगतो. डिसेंबर होता, म्हणजे लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने थांबतो, लाल कांद्यात पाणी जास्त, तो थांबत नाही. काढला की विकावा लागतो, आणि सकाळचा भाव दुपारी राहील याची हमी कोणी देत नाही. लिलाव रंगात आलेला, खळ्याबाहेर ट्रॅक्टरांची रांग. अशात पडद्यावरचा वजनाचा आकडा हलेनासा झाला. काट्याचा आकडा सीरियल केबलमधून येतो. तो उचलून पडद्यावर दाखवणे हे प्रोग्रॅमचे अगदी किरकोळ काम. पण किरकोळ कामालाही पाळी मिळावी लागते. पाळी मिळेना, आकडे बफरमध्ये साचत गेले, आणि प्रोग्रॅमला श्वास घ्यायला सापडला की तो साचलेल्यांतला जुना आकडा आधी वाचायचा. काट्याच्या बाहेरच्या डब्यावर एक वजन, ऑफिसातल्या पडद्यावर दुसरे. भरलेली ट्रॉली काट्यावर उभी, आणि पडद्यावर आधीच्या रिकाम्या ट्रॉलीचा आकडा.

हे पहिल्यांदा कोणाला दिसले असेल? आपल्या देखरेखीच्या डॅशबोर्डला नाही. निफाडकडून आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना दिसले. ते खिडकीतून आत डोकावले, पडद्याकडे पाहिले, मग मान वळवून डब्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘शेठ, हा आकडा माझ्या गाडीचा नाही.’

कांद्याच्या बाजारात या वाक्याचा अर्थ काय होतो ते पुण्यात बसून कळणे कठीण आहे. भाव कमी मिळाला तर शेतकरी सरकारला शिव्या देतो, पावसाला देतो, नशिबाला देतो. वजनात फरक दिसला तर मात्र तो एकच गोष्ट म्हणतो, की काटा मारला. हा शब्द एकदा खळ्यावर पडला की तो पुसायला वर्षे लागतात. आमच्या शेठांनी तीस-चाळीस वर्षांत कमावलेली पत आपल्या चाचण्यांनी सव्वा तासात पणाला लावली. त्या पणाला लावण्याची चाचणी आपल्या संचात नव्हती, म्हणून ती नापास झाल्याचे कुठे नोंदले गेले नाही.

मुनीमजींनी कार्बन पेपर काढला. दोन्ही वजने डब्यावरून बघून हाताने लिहायची, गुणाकार कॅल्क्युलेटरवर, सही-अंगठा, पुढची गाडी. ते काम त्यांनी इतक्या आनंदाने केले की मला शंका आली, संगणक बंद पडायची ते बरीच वर्षे वाट पाहत होते. रांग वाढून रस्त्यावर आली. मागून हॉर्न, पुढून ओरडा.

लिलाव बंद पडणे आम्हाला नवे नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर आपण उगाच मनाला लावून घ्याल. २०२३ च्या ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क आले तेव्हा लिलाव बंद झाले. त्याच वर्षी ७ डिसेंबरला निर्यातबंदीची अधिसूचना निघाली तेव्हाही झाले. पण सरकार आमचा धंदा बंद पाडते तेव्हा निदान अधिसूचना काढते. व्यापारी बंद करतात तेव्हा निवेदन देतात, शेतकरी करतात तेव्हा घोषणा देतात. आपण यातले काहीच केले नाही, गुपचूप येऊन मशीन ताब्यात घेतलेत.

आणि का घेतलेत दहाला? हे शोधायला मला सगळ्यात कमी वेळ लागला आणि त्याचा सगळ्यात जास्त राग आला. आपल्या वेळापत्रकात चाचण्या सुरू व्हायची वेळ ४:३० लिहिली आहे. पहाटे साडेचारला खळ्यावर कुत्रेसुद्धा झोपलेले असते, निवड उत्तम होती. फक्त ज्या सेवेत आपण ती वेळ लिहिलीत ती जागतिक प्रमाणवेळ मोजते, आणि भारत तिच्या साडेपाच तास पुढे आहे. साडेचार अधिक साडेपाच, दहा. सगळ्या चोवीस तासांत शोधून आपण नेमका लिलावाचा मुहूर्त काढलात. पंचांग पाहणाऱ्यालाही इतके अचूक जमले नसते.

त्या अगोदर काही दिवस चाचण्या चालल्याच होत्या, पण थोड्या होत्या, तेव्हा कोणाला कळले नाही. त्या आठवड्यात आपण नव्या चाचण्यांची भर घातलीत आणि ‘समांतर चालवा’ असा पर्याय लावलात. किती समांतर हे लिहिले नाहीत. यंत्रात जितके कोअर दिसतील तितके कामगार उभे करायला सांगितलेत. चाचण्या चालवणाऱ्या बऱ्याच साधनांत ही सोय असते आणि ती दिसायला मोठी सोज्वळ असते. जेस्ट हे साधन आपणहून एक कोअर तरी बाकीच्यांसाठी सोडते. मेक नावाच्या जुन्या साधनाला समांतर चालवायचा पर्याय आकडा न देता दिला तर ते मर्यादाच मानत नाही, जितकी कामे सुटी दिसतील तितकी एकदम सोडते. आपली जातकुळी या दुसऱ्याची.

चार कामगार, प्रत्येकाच्या हाताखाली एक अदृश्य क्रोम ब्राउझर, प्रत्येकाचा वेगळा डेटाबेस. प्रोसेसर भरला ते ठीक. प्रोसेसर वाटून घेता येतो, लिनक्सला ते चांगले जमते. खरी अडचण खाली डिस्कवर झाली. आपली प्रत्येक चाचणी नवा डेटाबेस उभारते, सारण्या बांधते, खोटे शेतकरी आणि खोटा कांदा भरते, एक गोष्ट तपासते आणि सगळे मोडून टाकते. यातल्या प्रत्येक व्यवहाराला डेटाबेस डिस्ककडून ‘खरोखर लिहिले’ अशी कबुली मागतो आणि ती येईपर्यंत थांबतो. आमची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्यात एक कबुली धरली तर सेकंदाला शंभराच्या आसपास कबुल्या, त्याही सगळ्यांच्या मिळून. आपले चार कामगार त्या हजारांनी मागत होते. निफाडच्या बाबांच्या खऱ्या कांद्याची एकुलती एक नोंद त्या खोट्या कांद्याच्या रांगेत मागे उभी राहिली. त्यात ब्राउझरांनी मेमरी खाल्ली, मशीनने उरलेले ओझे स्वॅपमध्ये टाकायला घेतले, आणि स्वॅप कुठे? त्याच डिस्कवर.

आपण हे वाचत असाल तर आतापर्यंत आपले खुलासे तयार झाले असतील. मला ते ठाऊक आहेत, कारण आपल्या जागी आलेल्या साहेबांनी ते सगळे मला फोनवर ऐकवले.

पहिला, की चाचण्यांना ‘नाइस’ लावलेले होते. होते, मी पाहिले, चक्क १९. प्राधान्याची ही पट्टी उणे २० पासून १९ पर्यंत असते आणि १९ म्हणजे सगळ्यात नम्र. इतकी नम्रता पाहून मन भरून आले. पण ही नम्रता प्रोसेसरच्या रांगेपुरती आहे. डिस्कच्या रांगेत वेगळे प्राधान्य असते, त्यासाठी २००५ पासून लिनक्समध्ये ‘आयओनाइस’ आहे. तेही डिस्कची रांग लावणारा कोण आहे त्यावर अवलंबून. बीएफक्यूसारखा प्राधान्य मानणारा असेल तर ऐकतो. आजकालच्या वेगवान एसएसडींवर बहुधा रांग लावणाराच नसतो, तिथे आयओनाइस लावणे म्हणजे बंद ऑफिसात अर्ज टाकणे.

दुसरा, की चाचण्या डॉकरमध्ये ‘कोंडलेल्या’ होत्या. कोंडलेल्या होत्या, पण भिंत फायलींभोवती होती. मर्यादा न सांगता सुरू केलेल्या कंटेनरला प्रोसेसर, मेमरी, डिस्क सगळे हवे तेवढे मिळते, हे डॉकरच्या माहितीपुस्तिकेतल्या मर्यादांवरच्या पानावर पहिल्याच वाक्यात सांगितले आहे. त्यातली गंमत पुढची आहे. नवे साहेब म्हणाले, मग दोन प्रोसेसरांची मर्यादा घालू. घातली. आतल्या चाचणीसाधनाने मशीनकडे पाहिले, त्याला चारही कोअर दिसले, आणि त्याने पुन्हा चार कामगार उभे केले. आता दोघांच्या भाकरीत चौघे. कोटा संपला की सगळ्यांना एकदम थांबवले जाते आणि पुढच्या फेरीला सोडले जाते. चाचण्या अडखळत चालू लागल्या, काही वेळेत न संपल्याने लाल झाल्या, आणि साहेबांचा निष्कर्ष असा की मर्यादा घातल्याने चाचण्या बिघडतात. जावाने २०१८ मध्ये दहाव्या आवृत्तीत कंटेनरची मर्यादा आपणहून वाचायला सुरुवात केली. पायथनने २०२४ च्या ३.१३ मध्ये कोअरची संख्या बाहेरून सांगायची सोय दिली. म्हणजे ही चूक एकट्या आपली नाही, भाषांनाही ती कळायला वेळ लागला. कामगारांची संख्या मात्र आकड्यात लिहायला तेव्हाही कोणी अडवले नव्हते. ‘दोन’ लिहायला किती अक्षरे लागतात?

तिसरा खुलासा मला सगळ्यात आवडला. डिस्कचाच त्रास असेल तर डेटाबेसची ती कबुली घेणे बंद करून टाकू, चाचणीचा डेटा गेला तरी काय बिघडते? खरे आहे. आपण वापरता त्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाकाऊ डेटासाठी ही पळवाट मान्य आहे आणि तिने चाचण्या खूप हलक्या होतात. अडचण एवढीच की हा पर्याय संपूर्ण डेटाबेस सर्व्हरला लागतो, एकेका डेटाबेसला नाही, आणि आपण चाचण्यांचे डेटाबेस आमच्याच चालू सर्व्हरवर काढत होता. आपण तो पर्याय लावला असता तर वीज गेल्याक्षणी शेतकऱ्यांच्या खऱ्या पट्ट्याही चाचणीच्या डेटासारख्या टाकाऊ झाल्या असत्या. आणि वीज इथे जाते, साहेब. महावितरणचे वेळापत्रक आपल्यापेक्षा भरवशाचे आहे, पण फार नाही. तेव्हा या एका बाबतीत आपण आळस केलात, त्याबद्दल खळ्यातर्फे आभार मानतो.

डिस्कचे दुसरे प्रकरण थोडक्यात उरकतो. आपल्या चाचण्या प्रत्येक वेळी ब्राउझरच्या पडद्याचे चित्रीकरण करून ठेवायच्या, पास झाल्या तरी. कोणी ती चित्रफीत पाहिली का? मी पाहिली. एक अदृश्य माणूस ‘चाचणी शेतकरी १’ नावाने ९९९ क्विंटल कांदा विकतो आहे. अशा चित्रफितींनी, जुन्या डॉकर प्रतिमांनी आणि मोडायचे राहिलेल्या डेटाबेसांनी डिस्क भरत आली होती. पूर्ण भरली असती तर पोस्टग्रेसने पुढची नोंद लिहायला जागा नाही म्हणून बसकण मारली असती. ते संकट आपल्या नावावर जमा होण्याआधी मी ते पुसून टाकले. पायटेस्टसारखे साधन तात्पुरत्या फोल्डरांतले शेवटचे तीनच ठेवते, बाकीचे झाडून टाकते. तेवढी तरी शिस्त आपण उसनी घ्यायला हरकत नव्हती.

हे सगळे वाचून आपण म्हणाल, की झाले ते झाले, पुढच्या वेळी वेगळे मशीन घेऊ, मोठे घेऊ. इथेच माझे आपल्याशी खरे भांडण आहे. मोठ्या, रिकाम्या मशीनवर पास झालेल्या चाचण्या मला नको आहेत.

आपल्या पुण्याच्या मशीनवर पट्टी छापायला पापणी लवेपर्यंतचा वेळ लागायचा, तेव्हा आपण प्रोग्रॅममध्ये लिहिलेत की काट्याचे उत्तर इतक्या वेळात आले नाही तर आधीचा आकडा दाखवा. आधीचा! आकडा शिळा आहे हे पडद्यावर कुठे सांगायचेही नाही. ही चूक आपल्या चाचण्यांनी पकडली नाही, कारण त्यांच्या जगात काटा कधी उशीर करतच नाही. बाबांच्या ट्रॉलीसमोर जो आकडा आला तो चाचण्यांच्या गर्दीने आणला हे खरे, पण त्याच्याकडे जाणारी वाट आपण आधीच बांधून ठेवली होती. अँटिव्हायरस अंग झाडायला उठला असता, किंवा शेठांच्या मुलाने त्याच मशीनवर लग्नाचा व्हिडिओ उघडला असता, तरी हेच झाले असते. खळ्यावरचे मशीन हंगामात कधीही एकट्या आपल्या प्रोग्रॅमचे नसते.

म्हणून मी आपल्याच चाचण्या पुन्हा चालवल्या, पण दावे बांधून. सीग्रुप नावाची सोय लिनक्समध्ये आहे. गुगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये ती बांधायला घेतली आणि २००८ च्या जानेवारीत ती २.६.२४ या कर्नेलमध्ये आली. कोणत्याही कामाच्या टोळीला इतका प्रोसेसर, इतकी मेमरी, डिस्कवर सेकंदाला इतकेच लिखाण, असे तिच्याकडून ठरवून घेता येते. लिनक्समधल्याच सिस्टिमडीतून ते चार ओळींत लिहिता येते. (प्रोसेसरच्या कोट्यात १०० टक्के म्हणजे एक कोअर, अख्खे मशीन नव्हे, हे नव्या साहेबांना सांगा. त्यांनी निम्मे मशीन द्यायचे म्हणून ५० लिहिले आणि अर्ध्या कोअरवर चाचण्या रात्रभर रखडल्या.) मी एक कोअर दिला, दोन जीबी मेमरी, आणि डिस्क आमच्या सगळ्यात कंगाल गिऱ्हाईकाकडच्या मशीनइतकी मंद केली. कामगार एकच. आपली हिरवी पाटी बघता बघता लाल झाली. नापास झालेल्यांतली जवळजवळ प्रत्येक चाचणी काहीतरी खरे बोलत होती. शिळा आकडा त्यांतलाच.

आपण म्हणाल, मर्यादा घातली की चाचण्या उगाचच नापास होतात, हे तुम्हीच वर लिहिलेत. लिहिले. फरक ठरलेल्या मर्यादेचा आणि नशिबाच्या मर्यादेचा आहे. चार कामगार एकमेकांचे गळे धरत असतील तर आज ही चाचणी नापास, उद्या ती, आणि मग ऑफिसात ‘पुन्हा चालवून बघ’ ही सवय लागते. एकदा ती लागली की लाल खुणेला कोणी विचारत नाही. मर्यादा आकड्यात बांधली की त्याच मशीनवर, तीच चाचणी, आज आणि उद्या तेच उत्तर देते.

लासलगावात हे समजावून सांगायला लांब जावे लागत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून इथे आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्याच्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात, मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे. कमी पडली तर कोंब येतात. जास्त झाली तर कांद्याचीच हानी होते. स्रोत दमदार आहे म्हणून कांदा दिवसभर समोर ठेवून द्या, असे तिथे कोणी म्हणत नाही. मात्रा मोजलेली असते, म्हणून कोंब आलाच तर कांद्यात काय झाले ते शोधता येते. आपण मशीनसमोर चाचण्या नुसत्या ठेवून दिल्यात.

आणि यंत्राचा वाटा आधी मागून घ्यायची रीत आपल्या मराठी मुलखाला नवी आहे असेही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले, आणि देशभरचे शास्त्रज्ञ त्याच्यावर आपली गणिते घेऊन येत. यंत्र एक, मागणारे शंभर, म्हणून पाळी. आज पुण्यात आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. तिथे काम टाकताना किती कोअर आणि किती वेळ हे आधी लिहून द्यावे लागते, वेळ संपला की रांग सांभाळणारा प्रोग्रॅम काम बंद करतो, मग ते कोणाचेही असो. आपण ज्या शहरात राहता त्याच शहरातली ही गोष्ट. तिथे वाटा लिहून द्यायला लाज वाटत नाही, आणि आमच्या टेबलाखालच्या आठ जीबीच्या मशीनवर मात्र आपण जे दिसेल ते आपले समजून बसलात. यंत्र जितके लहान तितका हात सैल, हे उलट झाले.

आपली कंपनी आमच्याशी करार चालू ठेवू इच्छिते असे कळले. शेठांनी मला अटी लिहायला सांगितल्या, त्या इथेच जाहीर करतो म्हणजे पुन्हा विचारायला नको. चालू मशीनवर रनर बसणार नाही, रात्रीही नाही, पहाटेही नाही, कोणत्याही प्रमाणवेळेत नाही. चाचण्यांसाठी मागच्या खोलीत गोण्यांच्या बाजूला एक जुने डेस्कटॉप ठेवले आहे. दोन कोअर, चार जीबी. मोठे मागू नये, आपली निम्मी गिऱ्हाईके याच्यावरच धंदा करतात. कामगारांची संख्या आकड्यात लिहावी. चाचणीचा डेटाबेस मेमरीत ठेवावा किंवा त्याच जुन्या मशीनवर वेगळ्या पोस्टग्रेसमध्ये, तिथे कबुली बंद करायची असेल तर खुशाल करावी. चित्रफीत नापास झालेल्या चाचणीचीच राहील, तीही आठवडाभर. काटा उशीर करतो आहे अशी एक तरी चाचणी असावी, आणि तेव्हा पडद्यावर आकडा न येता ‘थांबा’ असे दिसावे. निफाडच्या बाबांना मी तसा शब्द दिला आहे. ते पुन्हा माल घेऊन आले, पण या वेळी डब्याचा फोटो मोबाइलवर काढूनच खिडकीशी आले.

जुन्या डेस्कटॉपचे एक सांगायचे राहिले. वीज गेल्यावर ते आपणहून चालू होत नाही, मागचा काळा स्विच बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, मग पुढचे बटण. हे आपल्या नोंदींत लिहून ठेवायला सांगावे, कारण आपल्यानंतर जे आले तेही आता नोकरी बदलत आहेत.

कळावे,
खळ्यावरचा कॉम्प्युटरवाला
लासलगाव, ता. निफाड, जि. नाशिक